आर्याची फी मीच भरणार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. राग कागदावर काढायचा, माणसांवर नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे. मला स्वतःला पटलं म्हणून.

विषय: आर्याच्या फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाची उरलेली फी. नव्वद हजार. शेवटची तारीख २९. नाही भरली तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत. कॉलेजने तसा मेसेज पाठवलाय, खाली हात जोडल्याचं चित्र. गळा धरायचा आणि वर नमस्कार करायचा.

वसुंधरा म्हणाली, कसं करायचं? म्हटलं, कसं म्हणजे? बाप जिवंत आहे तिचा. मी भरणार. ती कुकर लावायला उठली. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

परिस्थिती तशी वाईट. दिवाळीपासून कंपनीत अर्धा पगार. वालीवला बाटल्यांची झाकणं बनवतो आम्ही. शेठ म्हणतो, ऑर्डर नाही, मार्केट डाऊन. मी विचारलं, लोक काय आता बाटल्या उघड्याच ठेवतात का? बोनस म्हणून सोनपापडीचा डबा दिला. तो मी शेठच्या टेबलावर परत आपटणार होतो, पण घरी आल्या आल्या वसुंधराने उघडला.

निश्चय: फी भरेपर्यंत कोणाशीही भांडायचं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हाफ डे टाकून बँकेत. पर्सनल लोन. अठरा वर्षांचं खातं आहे माझं, त्यामुळे काम झाल्यातच जमा होतं.

समोर गळ्यात पट्टा घातलेला एक मुलगा. आर्याहून फार तर चार वर्षांनी मोठा. आधार, पॅन घेतलं, टकटक केली आणि स्क्रीन माझ्यापासून हळूच वळवली. म्हणाला, सर, तुमचा स्कोअर लो आहे. किती? पाचशे बारा. कितीपैकी? नऊशे. म्हटलं, सेकंड क्लास झाला की. तो म्हणाला, सर, साडेसातशेच्या खाली सिस्टिम घेत नाही. म्हटलं, सिस्टिमला बोलव बाहेर, मी बोलतो तिच्याशी.

मग त्याने कारण सांगितलं. क्रेडिट कार्डाची थकबाकी.

हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको. चार वर्षांपूर्वी स्टेशनसमोर छत्री लावून बसलेल्या एकाने ते कार्ड माझ्या गळ्यात मारलं. जन्मभर फ्री म्हणाला. त्यावर मी एक मिक्सर घेतला आणि त्याचे सगळे पैसे वेळेवर भरले. वर्षाने चारशे नव्याण्णव रुपये वार्षिक फी लावली. मी भरली नाही. जन्मभर म्हणजे जन्मभर. त्यावर दंड, दंडावर व्याज, व्याजावर जीएसटी करत आता अकरा हजार झालेत. मी अजून भरलेले नाहीत. चारशे नव्याण्णवचा प्रश्नच नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे.

हे सगळं मी त्या मुलाला उभं राहून समजावून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी, आटपा हो, असं म्हटलं. त्यांनाही सांगितलं.

याला भांडण म्हणत नाहीत. ही माहिती दिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

पिंकीचा फोन. पिंकी म्हणजे त्या कार्डाच्या वसुलीवाल्यांकडे कामाला असलेली मुलगी. दर शनिवारी करते. आज म्हणाली, सर जी, स्कीम आली आहे, चार हजार भरा, आम्ही अकाउंट बंद करतो, नंतर हळूहळू स्कोअर पण सुधरेल.

चार हजार खिशात होते. म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हताच. मी तिला म्हटलं, चार हजार भरले तर मी चूक होतो असं होईल. ती म्हणाली, सर जी, नाही भरले तर पण तसंच आहे ना. फार उद्धट पोरगी. मी तिला ग्राहकाचे हक्क समजावले. मध्येच म्हणाली, सर जी, जरा पाणी प्या, मी होल्ड करते.

प्यायलो. मग परत समजावलं.

वसुंधरा किचनमधून म्हणाली, अहो, चार हजारांत सुटत असेल तर सोडा ना एकदाचं. म्हटलं, तू तुझ्या बालवाडीतल्या पोरांना शीक म्हणून सांगतेस आणि मला हे? तिला संबंध कळला नाही. मलाही नीट सांगता आला नाही, पण आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

वॉल्टरकडे गेलो. वॉल्टर तळमजल्यावर राहतो. आमची बिल्डिंग त्याच्याच वाडीवर उभी आहे. बिल्डरने त्याला दोन फ्लॅट दिले आणि केळी तोडली. माणूस बरा आहे, पण फार सावकाश. मिस्सा आटोपून आला होता, चर्चचा शर्ट अजून अंगात होता.

माणिकपूरच्या पतसंस्थेत तो तरुणपणापासून सभासद. तिथे स्कोअरपेक्षा माणूस बघतात, दोन जामीन लागतात. म्हटलं, वॉल्टर, आर्याच्या फीसाठी कर्ज काढतोय, तू जामीन राहा.

त्याने चहा पूर्ण संपवला, मग बोलला. पल्हाद, पोरीसाठी राहीन मी. पन तू तिथं जायचं, सही करायची नि गप बसायचं. व्याज किती, फॉर्मचे पैसे कशाला, साहेब कोन, कायबी विचारायचं नाय. जमंल?

मला हा जामीन राहणार की माझी मुंज लावणार? म्हटलं, कर्ज मी घेणार, सही माझी, आणि तोंड बंद ठेवायची अट तुझी? त्याची बायको थेरेसा आतून म्हणाली, बघ, इथंच नाय जमत. मी कप खाली ठेवला आणि निघालो. जोरात ठेवला नाही. कप आधीच तडकलेला होता.

पतसंस्था हा विषय माझ्यापुरता संपला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विरारला मेहुण्याकडे. कौस्तुभ, वसुंधराचा धाकटा भाऊ. प्लॅन पक्का होता: आधी हालहवाल, मग चहा, मग सहज विषय काढायचा.

दारात नवी गाडी. पांढरी. बोनटवर झेंडूचा हार अजून सुकलेला नव्हता. मी म्हटलं, कर्जाने घेतलीस? तो हसून म्हणाला, भावोजी, आता कर्जाशिवाय कोण घेतं? तिथेच माझं डोकं फिरलं. देशात मंदी, कारखाने अर्ध्या पगारावर, आणि हा हप्त्यावर गाडी घेतो. तासभर समजावलं त्याला. कर्ज हा रोग आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत, माझ्याकडे बघ. तो खरंच माझ्याकडे बघत होता.

शेवटी म्हणाला, भावोजी, तुम्ही कशासाठी आला होतात?

काय सांगणार? म्हटलं, सहज. इथून जात होतो.

येताना त्याने गाडीने सोडतो म्हटलं. मी रिक्षाने आलो. शंभर रुपये गेले. पण मान ताठ राहिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीत दोघांनी मोबाइलवरून ॲपचं कर्ज काढलं. पाच मिनिटांत पैसे येतात. मीही ॲप घेतलं. कोणापुढे हात पसरायचा नाही, कोणाची अट नाही.

आधार टाकलं, पॅन टाकलं. मग म्हणालं, चेहरा दाखवा. दाखवला. चेहरा जुळत नाही. पुन्हा दाखवला. कपाळ सैल ठेवा असं इंग्रजीत आलं. माझं कपाळ मी कसं ठेवावं हे आता मोबाइल ठरवणार. आर्याला हाक मारली. ती म्हणाली, बाबा, आधारच्या फोटोत तू जरा शांत दिसतोस, तसं बघ. जमेना. डोळे मिटा म्हणालं, मिटले. उघडा म्हणालं, उघडले. स्माईल म्हणालं. यावर मी ॲपला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

आर्या म्हणाली, बाबा, नको टेन्शन घेऊस, होईल काहीतरी. मी ॲप उडवलं. बरं झालं, नंतर कळलं की त्याचं व्याज पैसे देतानाच कापून घेतात. म्हणजे मी वाचलो. माझ्या स्वभावाने मला कितीदा वाचवलंय याचा कोणी हिशोबच ठेवत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वसुंधरा सकाळपासून कागद शोधतेय. पगाराच्या स्लिपा, लाइट बिल. विचारलं तर म्हणाली, शाळेत मागितलेत. दुपारी वॉल्टरकडे जाऊन आली. मी म्हटलं, त्या माणसाच्या घरी जायचं नाही. म्हणाली, थेरेसाचं नाताळचं मेण उकळायचंय, मदतीला गेले होते. मेण कसलं ते मला माहीत नाही. त्यांच्यात असेल.

मग म्हणाली, अहो, फीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि यंदा भिशी उचलू नका हं, ती शेवटच्या महिन्यापर्यंत राहू दे.

माझा नवा प्लॅन हिला कसा कळला? मी तर कोणाला बोललोच नव्हतो. खरं तर तोपर्यंत माझ्याही डोक्यात नव्हता. तिने भिशी म्हटलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिशी. इतके दिवस दारोदार फिरलो आणि उपाय आपल्याच बिल्डिंगमध्ये.

तिला म्हटलं, बरं, नाही उचलत. सरप्राइज द्यायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भिशीचा विचार पक्का. बिल्डिंगमधले बारा जण, महिन्याला दहा हजार, एकूण एक लाख वीस. लिलावाची भिशी आहे. ज्याला गरज तो बोलतो, मी इतके सोडतो. जो सगळ्यात जास्त सोडेल त्याला उरलेले पैसे, आणि सोडलेले बाकीच्या अकरा जणांत वाटून. भिशीत नाव माझं आहे. हप्ता वसुंधराच्या पगारातून जातो, पण नाव माझं.

हिशोब सरळ. तीस हजारांपर्यंत सोडायला हरकत नाही. तीसच्या वर एक रुपया नाही.

आर्या आज खुशीत होती. मला चहा करून दिला, न सांगता. माझ्या मेहनतीची जाणीव आहे पोरीला.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो.

सविस्तर लिहितो. संध्याकाळी पाच वाजता वॉल्टरच्या हॉलमध्ये सगळे. भिशी वॉल्टरच सांभाळतो. मी त्याच्याशी बोलत नाही, पण भिशी ही संस्था आहे, तिथे वैयक्तिक काही नसतं. समोर परेश. माणिकपूरला त्याचं मोबाइल कव्हरचं दुकान आहे. दर महिन्याला सोफ्याच्या हातावर बसतो, सोफ्यावर नाही.

वॉल्टरने विचारलं, कोन बोलतंय? परेश म्हणाला, पाच सोडतो. मी म्हटलं, आठ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वॉल्टर म्हणाला, पल्हाद, तू? म्हटलं, का, मी सभासद नाही?

दहा. पंधरा. वीस. परेश हसत हसत चढवत होता. मी तीस म्हटलं. म्हणजे हातात बरोबर नव्वद. इथे थांबायचं होतं. मी थांबलोही होतो. पण परेश म्हणाला, एकतीस, आणि शेजारच्याला डोळा मारून म्हणाला, जाऊ द्या हो, गरजवंताला अक्कल नसते.

मी म्हटलं, पस्तीस.

तो चाळीस. वॉल्टर मध्ये पडला. पल्हाद, खाली बस. पानी पी. मी उभा होतो हे मला तेव्हा कळलं. मग तो म्हणाला, वसुंधराला विचारलंस का?

बारा माणसांसमोर. बायकोला विचारलंस का. म्हटलं, पंचेचाळीस.

परेश अठ्ठेचाळीस. वॉल्टरने तिसऱ्यांदा सांगितलं, पल्हाद, माझं ऐक, या महिन्यात नको, आपन उद्या बोलू. त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या हातून भिशी जावी म्हणून हा माणूस इतका कासावीस का होतोय? मी टेबलावर हात ठेवून म्हटलं, पन्नास.

परेशने हात जोडले आणि म्हणाला, घ्या, तुमची. सोफ्याच्या हातावरून उतरून नीट बसला.

सगळ्यांदेखत हरला. त्याला पैशांची गरजच नव्हती, नुसता भाव चढवत होता, असं नंतर लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणालं. पोटदुखी. त्याला बसल्या जागी साडेचार हजार सुटले, ती मी भीक घातली.

हातात सत्तर हजार. पुढचे सहा हप्ते भरायचेच आहेत, पण ते पुढचं पुढे. फीला वीस कमी पडतात. त्यात काय, माणसासारखं बोललं तर कॉलेज हप्ता देतं. मी बोलेन.

वसुंधराला काही सांगितलं नाही. पावतीच हातात ठेवायची.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिफ्टमध्ये वॉल्टर भेटला. म्हणाला, पल्हाद, पैसे अजून तसेच ठेव, खर्च नको करू, बायकोशी बोल. मी तळमजला येईपर्यंत छताकडे बघत राहिलो. दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसावं माणसाने.

उद्या कॉलेज. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

विरार. कॉलेजचं फी काउंटर. काचेमागे चष्मेवाल्या बाई. मी अत्यंत शांतपणे सुरुवात केली. म्हटलं, मॅडम, सत्तर आज घ्या, वीस पुढच्या महिन्यात देतो, पण मुलीचा फॉर्म अडवू नका.

त्यांनी नाव विचारलं, बघितलं आणि म्हणाल्या, हिची फी भरलेली आहे.

म्हटलं, नाही भरलेली. त्या म्हणाल्या, भरलेली आहे, सर. म्हटलं, मॅडम, बाप मी आहे, मी भरलेली नाही, तर भरली कशी? त्या म्हणाल्या, सिस्टिममध्ये दिसतेय. पुन्हा सिस्टिम. मग माझा आवाज थोडा वर गेला. म्हटलं, गरिबाने हप्ता मागितला की त्याला कटवायचं, हे तुमचे धंदे. आज भरलीये म्हणाल आणि २९ तारखेनंतर फॉर्म फेकून द्याल. वॉचमन आला. मुलं-मुली जिन्यात उभी राहिली. मी सगळ्यांना उद्देशून म्हटलं, मी इथून हलणार नाही, माझ्या मुलीची फी भरलेली नाही.

बाईंनी शेवटी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. नव्वद हजार, १८ तारीख, भरणाऱ्याचं नाव वसुंधरा.

रागाच्या भरात मी विचारलं, ही कोण वसुंधरा?

बाईंनी दुसरा कागद बघितला आणि सांगितलं, आई.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कामावर गेलो नाही.

वसुंधराने काल रात्री सगळं सांगितलं. पतसंस्थेतून कर्ज तिने स्वतःच्या नावावर काढलं. तिचा स्कोअर चांगला आहे, पगार छोटा पण वेळेवर. जामीन वॉल्टर आणि थेरेसा. मी त्यांच्याकडून उठून आलो, त्याच संध्याकाळी ते दोघं जिना चढून आले होते. मी तेव्हा खाली वॉचमनला पार्किंगबद्दल सुनावत होतो.

विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाली, फॉर्म भरला जाईपर्यंत थांबलो होतो. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पतसंस्थेत गेला असतात. मी विचारलं, जाऊन काय केलं असतं? ती म्हणाली, अहो.

भिशीचं तिला वॉल्टरने रविवारीच सांगितलं होतं. ती मी सांगायची वाट बघत होती. पतसंस्थेचा हप्ता पण तिच्याच पगारातून जाणार आणि भिशीचे सहा पण. सत्तर हजार कपाटात आहेत, ते त्यालाच लावू म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलायला काहीतरी मिळालं असतं.

आर्या कालपासून माझ्याशी बोलत नव्हती. आज संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, बाबा, तुझा आवाज वर लॅबपर्यंत येत होता. म्हटलं, मला वाटलं तुझा फॉर्म अडवतायत. ती म्हणाली, माहितीये. मग म्हणाली, मैत्रिणी विचारत होत्या, खाली कोण ओरडतंय.

म्हटलं, तू काय सांगितलंस?

म्हणाली, कोणीतरी पेशंट असेल.

मग रडली. मी दार लोटून बाहेर आलो.

आता टेबलाशी बसलोय. रागवायचं म्हणून बसलो होतो, पण कोणावर ते ठरेना. वसुंधरा जेवायला बोलावतेय. जातो.